एकाच नावाच्या दोघी : ॲनी मूर आणि जनगणनेतला एक रकाना

१ जानेवारी १८९२. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर अमेरिकेचे नवे स्थलांतरित केंद्र त्या दिवशी उघडले. आदल्या संध्याकाळी ‘नेवाडा’ नावाची आगबोट बंदरात येऊन थांबली होती. आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरातून ती २० डिसेंबरला निघाली होती. सकाळी तिच्यावरचे प्रवासी बेटावर आणले गेले आणि रांगेत सर्वांत पुढे आली ती कॉर्क परगण्यातली एक मुलगी, ॲनी मूर. सोबत अँथनी आणि फिलिप हे दोन धाकटे भाऊ. आईवडील आधीच, १८८८ मध्ये, न्यूयॉर्कला येऊन राहिले होते. केंद्राचे प्रमुख कर्नल वेबर यांनी तिच्या हातावर दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले. वर्तमानपत्रांनी लिहिले, की मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि आजच तिचा वाढदिवस आहे.

१९५४ मध्ये केंद्र बंद होईपर्यंत सुमारे १ कोटी २० लाख माणसे या बेटावरून अमेरिकेत शिरली. त्या सगळ्यांत पहिले नाव ॲनीचे. साहजिकच ती पुढे प्रतीक झाली. १९९३ मध्ये तिचे दोन पुतळे उभे राहिले, एक एलिस बेटावर आणि दुसरा क्वीन्सटाउनमध्ये, ज्याला आज कोव्ह म्हणतात. दोन्ही पुतळे शिल्पकार जीन राइनहार्ट यांचे.

पण नाणे मुठीत घेऊन ती मुलगी बेटावरून निघाली, त्यानंतर तिचे काय झाले?

या प्रश्नाला अनेक वर्षे एक तयार उत्तर होते, आणि ते ऐकायला फार सुरेख होते. ॲनी पश्चिमेकडे गेली. आयरिश स्वातंत्र्याचे थोर नेते डॅनियल ओ’कॉनेल यांच्या वंशातल्या एका पुरुषाशी तिचे लग्न झाले. टेक्सासमध्ये तिने संसार केला आणि १९२३ मध्ये फोर्ट वर्थजवळ ट्रामची धडक बसून तिचा मृत्यू झाला. ही हकीकत तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. या कुटुंबाला एलिस बेटावरच्या आणि आयर्लंडमधल्या समारंभांची सन्मानाने निमंत्रणे गेली. पुस्तकांनी तीच गोष्ट उचलली. कुणी खोटे बोलत नव्हते; टेक्सासमध्ये ॲनी मूर नावाची बाई खरोखरच होऊन गेली होती, तिचे लग्न आणि तिचा मृत्यूही खरा होता.

वंशेतिहासाच्या संशोधक मेगन स्मोलेन्याक एका माहितीपटाच्या निमित्ताने ॲनीचे कागद चाळत होत्या. टेक्सासमधल्या ॲनीचा माग घेताना त्यांच्या लक्षात आले, की या बाईचा जन्म आयर्लंडमधला नाहीच. ती इलिनॉय राज्यात जन्मली होती आणि तिचे कुटुंब १८८० च्या सुमारासच टेक्सासला पोहोचले होते. ‘नेवाडा’ जहाज न्यूयॉर्कला लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी ही ॲनी अमेरिकेत वाढत होती. ती समुद्र ओलांडून आलीच नव्हती.

इथे थोडे थांबून जनगणनेचा कागद कसा असतो ते पाहायला हवे, कारण अशी सारी भांडणे शेवटी त्याच्या रकान्यांतच सुटतात.

अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. १८५० पासून तीत प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव येऊ लागले आणि जन्मस्थानाचा रकानाही तेव्हाच आला. १८८० पासून आईचे आणि बापाचे जन्मस्थानही विचारले जाऊ लागले. १९०० च्या तक्त्यात तर जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला झालेली वर्षे, अमेरिकेत आल्याचे साल, आणि स्त्रियांसाठी दोन प्रश्न असे होते : किती मुलांना जन्म दिला, आणि त्यांतली किती हयात आहेत? प्रगणक दारोदार जाई, घरात जो कुणी भेटेल त्याच्याकडून माहिती घेई आणि ऐकू येईल तसे लिहून टाकी. त्यामुळे वयात दोनचार वर्षांचा घोळ नेहमीचाच. स्पेलिंगचे तर बोलायलाच नको. पण जन्मस्थान इतके सहज चुकत नाही, आणि तीनचार जनगणनांत तेच राज्य पुन्हापुन्हा येत असेल तर ते नाकारणे कठीण जाते.

मग इतकी वर्षे हा रकाना कुणी का पाहिला नाही? एक कारण नावात आहे. आयरिश स्थलांतरितांत ‘ॲनी’ आणि ‘मूर’ ही दोन्ही नावे सर्रास आढळतात. एखाद्या तालुक्यात नुसता ‘रामचंद्र पाटील’ शोधायला निघावे तशी गत. नाव जुळले की माणूस सापडल्याचा आनंद होतो, आणि त्या आनंदात पुढची तपासणी राहून जाते. दुसरे कारण अधिक अस्वस्थ करणारे आहे. आयर्लंडहून येणे, पश्चिमेकडे निघणे, थोर नेत्याच्या घराण्यात सून होणे, हा सारा प्रवास अमेरिकेला स्वतःबद्दल सांगायला आवडणाऱ्या गोष्टीत चपखल बसत होता. गोष्ट इतकी मनाजोगती असली की तिला कागद विचारण्याची गरज वाटत नाही.

टेक्सासची ॲनी बाद झाली, पण खरी ॲनी त्याने सापडली नव्हती. तिला शोधायचे तर ज्या वर्षांचे कागद हवेत, नेमके तेच नाहीत.

जहाजाची प्रवासी यादी आहे, पण तिच्यात फार थोडे आहे. नातेवाइकाकडे जाणार असाल तर त्याचे नाव आणि पत्ता काय, हा प्रश्न अमेरिकेच्या १८९३ च्या कायद्याने अशा याद्यांत आला. ॲनी त्याच्या वर्षभर आधी येऊन गेली होती. (एक रूढ गैरसमजही इथेच बाजूला ठेवावा. एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी लोकांची नावे मनमानीने बदलली असे अनेक कुटुंबांत सांगतात. प्रत्यक्षात याद्या निघण्याच्या बंदरावर जहाज कंपनीचे कारकून तयार करीत. बेटावरचे अधिकारी त्या यादीशी माणूस ताडून पाहत. नावे बदलली ती बहुधा पुढे, स्थलांतरितांनी स्वतःच.)

त्यानंतर १८९० ची जनगणना. ॲनीचे आईवडील १८८८ पासून न्यूयॉर्कमध्ये होते, म्हणजे त्यांचे घर या मोजणीत यायला हवे होते. पण १० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली. तक्त्यांचा मोठा भाग जळाला किंवा पाण्याने खराब झाला आणि जे काही वाचले होते तेही पुढे १९३० च्या दशकात सरकारी हुकमाने नष्ट करण्यात आले. सहा कोटींहून अधिक लोकांच्या त्या मोजणीतली जेमतेम सहा हजार नावे आज शिल्लक आहेत. न्यूयॉर्क राज्याने १८९२ मध्ये स्वतंत्र शिरगणती केली होती. तिचे मॅनहॅटनचे कागद गहाळ आहेत. सरकारी मोजणीत शहराची लोकसंख्या कमी दाखवली गेली म्हणून रागावलेल्या न्यूयॉर्क शहराने १८९० मध्येच पोलिसांकरवी पुन्हा माणसे मोजवून घेतली होती. त्या वह्या बऱ्याच अंशी टिकल्या, पण त्यांत नाव, लिंग, वय आणि पत्ता यांपलीकडे काही नाही. थोडक्यात, १८८० ते १९०० ही वीस वर्षे म्हणजे अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या इतिहासातली मोठी दरी. ॲनीचे येणे आणि तरुणपण त्या दरीतच पडते.

समुद्राच्या पलीकडे स्थिती याहून वाईट. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद जून १९२२ मध्ये, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स इमारतीत दप्तरखान्यासह जळाले. १८६१ आणि १८७१ चे कागद तर मोजणी संपल्यावर सरकारनेच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दी म्हणून लगद्यात गेले. संपूर्ण स्वरूपात हाती लागते ती थेट १९०१ ची जनगणना. ॲनी तोवर देश सोडून नऊ वर्षे झाली होती. जन्मल्यापासून जहाजावर चढेपर्यंत तिचे नाव असलेला एकही जनगणनेचा तक्ता आज अस्तित्वात नाही.

म्हणूनच आयरिश पूर्वज शोधणारा माणूस शेवटी चर्चच्या दारात येऊन उभा राहतो. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली, पण कॅथलिक कुटुंबांत त्याच्या फार आधीपासून बाप्तिस्म्याची नोंद होत होती. या नोंदवह्या पॅरिशच्या चर्चमध्येच राहत असत, त्या डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्यात नव्हत्या. म्हणून १९२२ च्या आगीतून त्या वाचल्या. ज्या प्रोटेस्टंट चर्चने आपल्या वह्या सुरक्षिततेसाठी दप्तरखान्याच्या हवाली केल्या, त्यांच्या अनेक वह्या जळून गेल्या. इतिहासातला हा क्रूर विनोदच म्हणायचा.

बाप्तिस्म्याची नोंद असते एका ओळीची. तारीख, मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे माहेरच्या आडनावासह नाव, आणि धर्मपिता-धर्ममाता म्हणून उभ्या राहिलेल्या दोघांची नावे. पुष्कळदा हे सारे लॅटिनमध्ये, म्हणजे घरात ज्याला जेम्स म्हणत तो वहीत ‘याकोबुस’ होऊन बसलेला. नवख्या शोधकाला मुलाचे नाव आणि तारीख महत्त्वाची वाटते. अनुभवी माणूस आधी आईचे माहेरचे आडनाव पाहतो. एका पॅरिशमध्ये मॅथ्यू नावाचे चार मूर असू शकतील, पण बायकोच्या माहेरच्या आडनावासह तेच जोडपे ओळखता येते. मग त्याच जोडप्याची आणखी मुले पुढच्यामागच्या पानांवर सापडू लागतात आणि भावंडांची साखळी तयार होते. धर्मपिता-धर्ममाता बहुधा काका, आत्या, मामा, मावशीच असत. त्यांच्यामुळे ओळीच्या कडेला अख्खे गोत उभे राहते.

सरकारी जन्मनोंद आणि बाप्तिस्मा यांच्या तारखा ताडून पाहताना एक मजेदार विसंगती कधीकधी दिसते : मुलाचा बाप्तिस्मा त्याच्या जन्माच्या आधीच झालेला! याचे कारण साधे. बाप्तिस्मा जन्मानंतर काही दिवसांतच उरकत, कारण तान्ही मुले दगावण्याची भीती मोठी. सरकारी कचेरीत जाणे मात्र लांबणीवर पडे. मुदत टळली की दंड, म्हणून आईबाप जन्मतारीखच पुढची सांगत. अशा वेळी चर्चची तारीख खरी धरावी लागते.

मराठी वाचकाला हे सारे अगदी परके वाटू नये. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या अशाच ओळींनी उतरलेल्या असतात, आणि तिथेही नुसते नाव पुरत नाही. गाव आणि आडनाव सांगितल्याखेरीज वही उघडत नाही. फरक आहे तो जनगणनेबाबत. अमेरिकेत घरोघरचे तक्ते ७२ वर्षांनी सर्वांसाठी खुले होतात. भारतात १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तींची माहिती गोपनीय ठेवली आहे आणि ती अमुक वर्षांनी खुली व्हावी अशी तरतूद नाही. आपले पणजोबा जनगणनेत शोधण्याची सोय आपल्याकडे नाही.

ॲनीच्या शोधात आणखी एक अडसर होता : ती स्त्री होती. लग्नानंतर आडनाव बदलले की कागदोपत्री बाईचा माग तुटतो. त्यात तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने विवाहित स्त्रीचे नागरिकत्व नवऱ्यावरून ठरे. ही स्थिती १९२२ पर्यंत टिकली. त्यामुळे नागरिकत्वासाठी स्वतःचा अर्ज करून त्यावर जहाजाचे नाव लिहिण्याचा प्रसंग बहुतेक विवाहित बायकांवर येतच नसे. ॲनी मूर म्हणून आलेल्या बाईने पुढे कोणते नाव लावले हेच ठाऊक नसेल, तर तिला शोधायचे कुठे?

उत्तर तिच्या भावाने दिले. म्हणजे त्याच्या कागदाने दिले.

२००६ मध्ये स्मोलेन्याक यांनी खऱ्या ॲनीचा पुरावा आणणाऱ्याला एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. न्यूयॉर्क शहराचे अभिलेख आयुक्त ब्रायन अँडरसन या शोधात उतरले आणि त्यांनी धागा पकडला तो ॲनीचा नव्हे, धाकट्या फिलिपचा. फिलिप पुरुष असल्यामुळे त्याचे आडनाव जन्मभर तेच राहिले. त्याचा नागरिकत्वाचा दाखला सापडला. मग तो १९३० च्या जनगणनेत सापडला, आणि त्याच्या घरात ॲना नावाची एक मुलगी दिसली. १९३० चे तक्ते ७२ वर्षांच्या नियमाने २००२ मध्ये खुले झाले होते. हा शोध पाच वर्षे आधी सुरू झाला असता तर हे पान उघडलेच नसते. ॲनाच्या मृत्यूच्या नोंदीवरून तिच्या हयात कुटुंबापर्यंत पोहोचता आले, आणि तिथे ॲनी आत्याची आठवण शिल्लक होती.

शोधाची ही पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. टेक्सासच्या हकीकतीत एका नावाला दुसरे नाव जोडले होते. इथे अख्खे कुटुंब कुटुंबाशी जुळवले गेले. एकाच जहाजातून आलेली तीन भावंडे, आईवडील मॅथ्यू आणि ज्युलिया, त्यांचा मॅनहॅटनच्या मन्रो स्ट्रीटवरचा पत्ता, आणि पुढच्या प्रत्येक कागदात त्यांतली किमान दोन नावे एकत्र. एक ॲनी मूर कुठेही सापडेल. पण अँथनी आणि फिलिप नावाचे भाऊ असलेली, मॅथ्यू आणि ज्युलियाची ॲनी मूर एकच.

ही ॲनी पश्चिमेकडे गेलीच नव्हती. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाजवळच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या चाळींत, काही मोजक्या गल्ल्यांच्या आत तिचे सारे आयुष्य गेले. जर्मन कॅथलिक स्थलांतरितांचा मुलगा जोसेफ शायर याच्याशी तिचे लग्न झाले. तो फुल्टनच्या मासळी बाजारात विक्रीचे काम करी. तिला किमान अकरा मुले झाली. त्यांतली पाच मोठी झाली.

१९०० च्या तक्त्यातले ते दोन रकाने, किती जन्मली आणि किती हयात, या बाईसारख्यांसाठीच होते असे वाटते. त्या काळच्या लोअर ईस्ट साइडच्या घरांत या दोन आकड्यांतली तफावत इतकी नित्याची आहे, की पान उलटताना डोळा सरावतो. प्रगणकाने आकडा विचारला, आईने सांगितला, त्याने लिहिला आणि तो पुढच्या दारी गेला.

वर्तमानपत्रांनी लिहिलेला वाढदिवसही टिकला नाही. ॲनीचा जन्म २४ एप्रिल १८७४ चा, म्हणजे एलिस बेटावर पाऊल ठेवताना ती पंधरा नव्हे, सतरा वर्षांची होती. भावांचीही वये छापून आली त्याहून अधिक होती. अँथनी पंधरा वर्षांचा आणि फिलिप बारा वर्षांचा. मुलीचे वय कमी कुणी केले, जहाजाच्या कारकुनाने, बातमीदाराने की तिने स्वतः, हे कागद सांगत नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पंधरावा वाढदिवस साजरा करणारी पोर बातमीला अधिक शोभत होती एवढे खरे.

६ डिसेंबर १९२४ रोजी हृदयक्रिया बंद पडून ॲनी वारली. वय पन्नास. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिला पुरले गेले. सुमारे तीस लाख माणसे विसावलेल्या त्या विस्तीर्ण जागेत तिच्या खड्ड्यावर शिळाही नव्हती. दगड घडवून घेण्याइतकी या घराची ऐपत नव्हती. दोन देशांत तिचे पुतळे उभे राहिले तेव्हाही ती तिथे निनावीच होती, आणि समारंभाच्या खुर्च्यांवर दुसऱ्याच ॲनीची नातवंडे-पतवंडे बसली होती. त्यांचाही यात दोष नव्हता. आजीने सांगितलेली गोष्ट त्यांनी खरी मानली, जशी जगातली सगळीच नातवंडे मानतात.

सप्टेंबर २००६ मध्ये हा शोध जाहीर झाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या ॲनीचे खरे वंशज पुढे आले. त्यांची आडनावे आयरिश होती, ज्यू होती, इटालियन होती, स्कँडिनेव्हियनही होती. अनेकांना आपली आजी किंवा पणजी कोण होती याची कल्पनाच नव्हती.

दफनभूमीच्या वहीवरून तिची जागा ऑगस्टमध्येच निश्चित झाली होती. तिथे ११ ऑक्टोबर २००८ रोजी, तिला पुरल्यानंतर जवळजवळ चौऱ्याऐंशी वर्षांनी, एक केल्टिक क्रूस उभा करण्यात आला. त्याचा निळसर चुनखडक आयर्लंडहून आणला होता.